फराळेबुवांचं नाव

"मी मेल्यावर सगळं सोलापूर म्हणंल, फराळेबुवा मेला. म्हणू दे त्यास्नी. तू मातर माझं नाव घ्यायचं, चिमे. माझं खरं नाव. चार माणसांत, अन् मोठ्यानं."

आमचे ते असं बोलले तेव्हा मी देवापुढे सांजवात लावत होते. काडी बोटापर्यंत जळत आली होती. घाईघाईत काडी वातीला टेकवता टेकवता मी "व्हय" म्हटलं. वात पेटली. पेटत्या दिव्यापुढे व्हय म्हटलेलं फिरवायचं नसतं, हे माझ्या आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. माझी पंचाईत झाली ती तिथून.

नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं की त्याच्या आयुष्यातला एकेक दिवस गळतो, असं आमच्याकडे मानतात. लग्नकार्यात कुणी अडवलंच तर उखाण्यात घालून घ्यायचं, तेवढीच सूट. माझ्या बाबतीत अडचण दुप्पट होती. सासूबाईंनी लेकाचं नाव घरच्या थोरल्या देवावरूनच ठेवलेलं. नवऱ्याचं नाव टाळायचं तर देवाचंही टाळावं लागे. अठरा वर्षं मी रोज सकाळी ज्या देवाला भंडारा वाहिला त्याला कधी नावानं हाक मारली नाही. "थोरले देव, सांभाळा," एवढंच म्हणत आले. देवानं तक्रार केली नाही. नवऱ्यानं केली.

लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. उंबऱ्यावर नणंदांनी नाव घ्यायला अडवलं. मी घेतलं, पण इतकं हळू की कुणालाच ऐकू आलं नाही. नणंदा म्हणाल्या, पुन्हा घे. मी रडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी ओढून घरात घेतलं. आमचे ते पुढं कितीदा तरी म्हणायचे, "एकदाच माझं नाव घेतलंस, अन् ते बी नुसतं दाराला ऐकू गेलं."

त्यांचं गाव नातेपुत्याजवळ. घरात चार पिढ्या मेंढरं. प्रत्येक मेंढीचा आवाज त्यांना काढता यायचा. मिसरूड फुटायच्या वयात ते बाजाराला म्हणून नातेपुत्याला गेले आणि तिथं आबासाहेबांच्या नाटक कंपनीच्या तंबूत शिरले. रंगभूमीवर आबासाहेब स्वतः राजा होऊन मरत होते. मरताना ते दोन पदं म्हणत. दुसऱ्या पदाला माणसं कंटाळली, आणि नेमक्या तानेवर मागच्या रांगेतून चुकलेल्या कोकरासारखा आवाज आला. तंबू हसून हसून खाली बसला. मेलेले आबासाहेब उठून शिव्या देत मागं धावले. पण दुसऱ्या दिवशी लोकांनी तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, "आज कोकरू हाय का?" तेव्हा आबासाहेबांनीच माणूस पाठवून यांना बोलावून घेतलं. नाव विचारायच्या भरीला ते पडले नाहीत. "मेंढ्या" म्हणाले, आणि कंपनीत तेच चाललं.

अठरा सालच्या साथीच्या तापात गावाकडचं घर आठ दिवसांत रिकामं झालं. सासूबाई शेवटी गेल्या. त्यांच्यानंतर ह्यांना नावानं हाक मारणारं माणूस जगात उरलं नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी आपली "अहो, ऐकलं का" म्हणत भाकरी वाढत राहिले.

सोलापुरात आम्ही साखर पेठेत राहायचो. दोन्ही अंगांना तेलुगू विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटखट. त्या खटखटीत मी माझा पोथीचा अध्याय वाचायची. वाचायला त्यांनीच शिकवलं, नाटकाच्या वहीवरून. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे माझे उपास. सकाळचा दिवा चुकवायचा नाही, आणि चातुर्मासात जेवताना बोलायचं नाही. माझा आवाज मुळात लहान. त्यात चार महिने मौन. पेठेत कित्येकांना वाटायचं, ही मुकीच आहे.

एका सोमवारी ते माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"रताळं चालतं का गं उपासाला?"

"चालतं."

"शेंगदाणं?"

"चालत्यात."

"अन् भेंडी?"

"आपल्यात न्हाय चालत. कोकणात चालती म्हणं."

"म्हंजी आगगाडीनं कोकणात जायचं, भेंडी खायाची, अन् उपास न मोडता परत यायचं!"

मला हसू आलं. त्यांनी आणखी चार गोष्टी विचारल्या, मी भोळेपणानं सांगितल्या. वाटलं, आता हेही उपास धरणार. मनातल्या मनात मी थोरल्या देवाला नारळसुद्धा बोलून टाकला.

पुढं पौषात गड्ड्याच्या जत्रेत कंपनीनं 'संगीत मुहूर्तभंग' लावलं. नाटकाला जायचं नाही हा माझा आणखी एक नेम. पण शेजारची महानंदा नवऱ्याबरोबर जाऊन आली आणि सकाळी पाण्याची घागर खाली न ठेवताच सांगायला लागली.

"अगं चिमाक्का, तुझ्या मालकांनी मारलं की गं आमाला! पोट दुखतंय बघ अजून. बुवा झाल्यात, फराळेबुवा. जन्मभर उपास, अन् तोंड म्हणून रिकामं न्हाय! एक विधवा येती, म्हणती, बुवा, माझी केळीची बाग दिरानं बळकावली, न्याय द्या. तर बुवा म्हणतात, केळं? फळच की ते! अन् बागच सोताच्या नावावर करून घेतात. म्हणतात, 'उपासाला चालतं!'"

"अन् मग?"

"मग कुणाची गाय घेतली. का, तर दूध देती, उपासाला चालतं. यजमानाच्या बायकोच्या पाटल्या घेतल्या. यजमान म्हणतो, बुवा, हे सोनं हाय. तर बुवा वास घेतात पाटलीचा. 'कांदा-लसूण लागलाय का ह्याला? मग? उपासाला चालतं!'"

घागर हिंदकळून तिचा पदर भिजला तरी ती हसतच होती. मी माझी घागर उचलून पाण्याला गेले. दुपारी ते जेवायला आले तेव्हा मी ताट पुढं सरकवलं आणि म्हटलं, "माझा उपास तुम्ही तंबूत नेऊन मांडला."

त्यांचा घास हातातच राहिला. "तुझा न्हाय गं. तुझा उपास खरा हाय. मी आबासायबाचा मांडला. तुझ्याकडनं नुसती यादी घेतली."

खरं होतं ते. आबासाहेब दर एकादशीला साजूक तुपातला फराळ करून आडवे व्हायचे आणि त्याच दिवशी नटांच्या तक्रारी ऐकायला बसायचे. पण ते स्वतः त्या प्रवेशाला सगळ्यांत मोठ्यानं हसत. तो अंगरखा आपल्याच मापाचा शिवलाय हे दुसऱ्या कुणाला दिसलं तर दिसो, त्यांना काही ते दिसलं नाही.

आणि एकट्या आबासाहेबांचं काय घेऊन बसायचं. ज्यांना टोचावं म्हणून ह्यांनी 'उपासाला चालतं' हे वाक्य लिहिलं, त्यांनाच ते फार सोयीचं झालं. गिरणीतला जॉबर कामाला घेताना कोंबडी मागायचा तो आधी जरा लाजायचा. आता "उपासाला चालतं" म्हणून हसायचा, कोंबडी देणाराही हसायचा, आणि लाजायचं काम कुणालाच उरायचं नाही. कचेरीत टेबलाखालून काही सरकलं की तेच. वकील दोन्ही पक्षांकडून आंब्याच्या पेट्या घ्यायचे तेव्हा तेच. फराळेबुवांनी सोलापूर सुधारलं असं पुढं भाषणांत सांगत. मी म्हणते, त्यांनी सोलापूरला पाप करताना हसायला शिकवलं. त्यांनाही ते कळत होतं. एकदा म्हणाले, "मी काटा टोचला न्हवं, ह्यांनी त्यानंच दात कोरलं."

मला तर सोमवारी पाणी भरायला जायची चोरी झाली. बायका विचारायच्या, "काय चिमाक्का, आज काय काय चालतं?" मग मी रताळं सोडलं, शेंगदाणे सोडले, नुसत्या पाण्यावर सोमवार करू लागले. तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी त्यांनीही ताट मागितलं नाही. "का?" म्हटलं तर म्हणाले, "असंच." पुढं बारा वर्षं त्यांनी माझ्याबरोबर पाण्यावरचा सोमवार केला. कंपनीत कुणाला सांगितलं नाही. फराळेबुवा खरंच उपास करतात हे कळलं असतं तर तिकिटं खपली नसती.

तीस साली इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला तोपर्यंत असं झालं की सोलापुरातच काय, पार कुर्डुवाडी जंक्शनावर गाडी थांबली तरी हमाल डब्याशी केळी घेऊन धावत. "बुवा, खाऊन दाखवा!" मोठ्या घरांतून जेवणाची बोलावणी येत. पाटावर हे एकटे, भोवती पन्नास माणसं बघायला. हे लाडू उचलत, सगळे हसत. हे नको म्हणत, आणखी हसत. रंगभूमीवर तर रोज दोन डझन केळी खरी खावी लागत, कारण आबासाहेबांना लाकडी केळी दिसायला खोटी वाटत. पोट बिघडलं ते तिथूनच. शेवटची दोन वर्षं घरी ताकातल्या कण्यांपलीकडे काही पचत नव्हतं. जगात खादाड म्हणून नाव, आणि घरी वाटीभर कण्या. कंपाउंडरनं बाटली भरून दिली, वर चिठ्ठी चिकटवली आणि डोळा मिचकावून म्हणाला, "बुवा, हे औषध उपासाला चालतं."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला ते नावाचं सांगितलं, आणि मी व्हय म्हटलं.

ज्येष्ठातल्या एकादशीला, दुपारी मागांची खटखट ऐन भरात असताना, ते गेले. शेवटी पाणी मागितलं आणि माझ्याकडे बघत राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. माझे ओठ हलले. पण मनात आलं, आत्ता नाव घेतलं आणि एक दिवस गळला तर? त्यांच्याकडे तर एक दिवससुद्धा नव्हता. मी "अहो" म्हटलं.

तासाभरात दारात गर्दी झाली. पहिला माणूस टोपी काढून आत आला, गंभीर झाला, आणि विचारलं, "आज एकादशी ना?" मग त्याच्यानं राहवेना. बाहेर जाऊन त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. "एकादशीलाच गेले! शेवटपर्यंत बघा, शेवटपर्यंत!" माणसं डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि कुठलं पाणी कशाचं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. तिरडी उचलली तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बुवा, सरणावरचं तूप उपासाला चालतं!" सगळी पेठ हसली. मग एकदम गप्प झाली. मग पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं.

नगरपालिकेत मृत्यूची नोंद करायला मला महानंदाबरोबर जावं लागलं, कारण घरात दुसरं माणूस नव्हतं. कारकून कोकणातून नव्यानंच नोकरीला आलेले.

"मयताचं नाव?"

मी खाली बघितलं.

"बाई, नाव सांगा. नावाशिवाय मनुष्य मरत नाही."

"आमच्या थोरल्या देवाचं हाय," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला. कुठला देव? खंडोबा?"

मी मान हलवली.

"विठोबा? म्हसोबा?"

"भंडारा उधळत्यात," मी म्हटलं. "मेंढरांचा देव."

"मेंढरांना वेगळा देव असतो?" कारकुनांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. ते टेबल म्हणालं, ज्योतिबा असेल. तिसरं म्हणालं, नाही, दत्तात्रेय, पण त्यांची गाय असते. दाखले घ्यायला आलेली माणसंही सामील झाली. महानंदालाही माझ्या मालकांचं नाव कुठं ठाऊक होतं? ती वैतागून म्हणाली, "अवो सायेब, फराळेबुवा ओ! हे फराळेबुवांचं घर!"

कारकून ताडकन उभे राहिले. त्यांनी मला नमस्कार केला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! आम्ही रत्नागिरीत असताना त्यांच्या नकला करायचो." आणि सुंदर वळणदार अक्षरात त्यांनी 'फराळेबुवा' लिहिलं. जातीच्या रकान्यात न विचारता 'ब्राह्मण' लिहिलं. धंद्याच्या रकान्यात 'हरिकीर्तन'. मी काही बोलायच्या आत टीपकागद दाबला. धनगराच्या पोराला ब्राह्मण व्हायला शास्त्रात सात जन्म लागतात म्हणे. सोलापूर नगरपालिकेत टाकाचा एक फटकारा पुरला. मी तोंड उघडलं असतं तर खोडता आलं असतं. मी उघडलं नाही.

दहाव्याला टांगे करून सगळे सीना नदीच्या काठी गेलो. क्रिया करायला आबासाहेब स्वतः पुढं आले. "तो माझा मानसपुत्र," ते म्हणाले. भटजी म्हणाले, मग मिशी काढावी लागेल. आबासाहेब म्हणाले, "मिशी माझी नाही, राजाची आहे. मी फक्त बाळगतो." भटजींनी नाव विचारलं. आबासाहेबांनी खड्या आवाजात सांगितलं, "फराळेबुवा!" पिंड ठेवला, सगळे दूर सरून उभे राहिले.

बाभळीवर सात-आठ कावळे होते. एकही उतरेना. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, ती पुरी करू असा शब्द दिला की शिवतो. मग मोठी माणसं एकेक पुढं होऊन शब्द द्यायला लागली. वकील म्हणाले, बुवा, आपलं तैलचित्र लावू. कावळे हलले नाहीत. गिरणीचे मॅनेजर म्हणाले, आपल्या नावानं चषक ठेवू. एक व्यापारी म्हणाला, दर एकादशीला फराळ वाटू. त्यावर एक कावळा जरा सरकला, सगळ्यांनी श्वास रोखला, पण त्याला नुसती पाठ खाजवायची होती. आबासाहेब नाटकातलं पद म्हणावं तसे दोन्ही हात पसरून म्हणाले, "बुवा, तुमचं नाव आम्ही अजरामर करू!" कावळे उडूनच गेले.

मला ठाऊक होतं. चार माणसं होती, चारशे होती. फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा. पण एवढ्या पुरुषांत, उघड्या माळावर, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव? मी पदर पुढं ओढला. पाऊल मागं घेतलं.

ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. तो ताबडतोब शिवला. आबासाहेबांच्या कंपनीतलाच असल्यासारखा.

त्यानंतरचं वर्ष तर मला अजून खरं वाटत नाही. थिएटरच्या दाराशी त्यांची बुवांच्या वेषातली तसबीर लावली होती, हातात केळं, कपाळाला आडवं गंध. आधी कुणीतरी गंमत म्हणून हार घातला. मग कुणी उदबत्ती लावली. एका बाईचा हरवलेला बैल सापडला, तिनं केळ्यांचा फणा ठेवला. पावसाळ्याच्या अखेरीस परगावची माणसं यायला लागली. त्यांना नाटक ठाऊक नव्हतं, बुवाच ठाऊक होते. अक्कलकोटला दर्शनाला जाणारे वाटेत उतरून तसबिरीला हात जोडत. एक बाई माझ्या दारात येऊन पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आई, बुवांनी अनुग्रह दिला असल तुमाला. मला बी सांगा की, उपासाला काय चालतं?"

खोट्या बुवांची टर उडवायला माणूस जन्मभर केळी खाऊन मेला, आणि त्याचाच बुवा झाला. त्यांनी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते, आणि मग पोट धरूनच बसले असते.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा, रविवारी दुपारी, आबासाहेब घरी आले. मिशी तशीच. नाटकाला आता माणूस फिरकत नव्हतं, थिएटर बोलपटाला द्यायचं ठरलं होतं.

"वहिनी, शुभवार्ता! बोलपटाचं उद्घाटन आणि बुवांच्या स्मारकशिलेचं अनावरण एकाच मुहूर्तावर. आपण फक्त यायचं, खुर्चीवर बसायचं आणि हात जोडायचे. बोलायचं काही नाही."

"शिळेवर काय लिवणार?"

त्यांनी खिशातून कागद काढून वाचला, "विनोदमूर्ती हरिभक्तपरायण फराळेबुवा यांच्या पुण्यस्मृतीस."

"ते त्यांचं नाव न्हवं."

आबासाहेब थबकले. मग कपाळावर हात मारून हसले. "अरे हो! काहीतरी होतं खरं. मेंढ्या... नाही, ते आम्ही ठेवलेलं. काय बरं होतं?" ते आढ्याकडे बघत राहिले. सतरा वर्षं त्यांनी ह्यांच्या जिवावर कंपनी चालवली होती. "सांगा ना, वहिनी."

मी तोंड उघडलं. शेजारचे माग खटखटत होते. मी तोंड मिटलं.

"असो, असो. आपण पतिव्रता, आपल्या तोंडून कसं येणार!" ते उठले. "आणि नाहीतरी खरं नाव लिहिलं तर लोक विचारतील, हा कोण? उद्या सकाळी आमच्या कंपनीतले मास्तर त्या पाथरवट चन्नप्पाकडे जाऊन खडूनं अक्षरं काढून देतील, मग तो टाकी लावायला घेईल. एकदा दगडात गेलं की गेलं."

ते गेल्यावर मी चुलीपुढं बसले. कागदावर लिहून देता येईल, असं मनात आलं. लिहिणं म्हणजे तोंडानं घेणं नव्हे, नेमही राहील आणि कामही होईल. मग मलाच ते ओळखीचं वाटलं. हीही पळवाट उपासाला चालणारीच होती. त्यांनी मोठ्यानं म्हणायला सांगितलं होतं. शिवाय चन्नप्पाला मराठी अक्षर येत नाही. तो पेठेत पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला यायचा, म्हणून मला माहीत. जन्मभर दगडावर लोखंड आपटून त्याचे कानही गेलेत. काहीही सांगा, तो तळहात कानामागं धरून कानडीत "एन री?", म्हणजे काय हो, असं विचारतो, आणि दुसऱ्यांदा ओरडूनच सांगावं लागतं.

म्हणजे चन्नप्पा, त्याच्याबरोबर टाकी चालवणारे त्याचे दोघे भाऊ आणि मास्तर. मोजली. बरोबर चार माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आंघोळ करून मी देवापुढे बसले, काडी ओढली, वात लावली, भंडारा वाहिला. "थोरले देव" म्हणायला लागले आणि थांबले.

"बिरोबा," मी म्हटलं.

वात हलली नाही. शेजारचा माग थांबला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा देवाला नावानं हाक मारली, आणि देव नेहमीसारखाच बघत होता. मला जरा रागच आला. एवढी वर्षं उगीच घाबरवून ठेवलं.

डोक्यावरून पदर घेतला, वहाणा घातल्या. बाहेर महानंदा रांगोळी काढत होती.

"कुटं गं, चिमाक्का, उपाशीपोटी?"

"तुळजापूर वेशीला. चन्नप्पाकडं."

"पाट्याला टाकी लावायचीय व्हय? पाटा कुटंय मग?"

"पाटा न्हाय," मी म्हटलं. "नाव सांगायचंय."

ती रांगोळीची चिमूट तशीच धरून बघत राहिली. मी दार ओढून घेतलं आणि कडी लावता लावता एकदा म्हणून पाहिलं.

"बिरप्पा."

पुन्हा दारालाच ऐकू गेलं. मागांच्या खटखटीत ते महानंदापर्यंतही पोचलं नाही. चन्नप्पाच्या अंगणात तर तीन टाक्यांचा आवाज असेल. मी घसा खाकरला, आणि प्रत्येक बोळाच्या तोंडाशी जरा जरा मोठ्यानं म्हणत, वेशीच्या वाटेला लागले.